निनावी माणसाचा बंदोबस्त

सोमवार, ३ मार्च
कालच्या प्रवचनाच्या व्हिडिओखाली कुणा 'सत्यवादी'ने लिहिलंय, गुरुजी तेच ते बोलतात, ऐकता ऐकता माझी आठवड्याची भाजी निवडून झाली. सदतीस लाइक. मी क्षमा केली. फक्त तो कोण हे शोधून त्याला जन्माची अद्दल घडवायची आहे.

मंगळवार, ४ मार्च
कोपऱ्यावरचा औषधदुकानदारच तो. परवा मला पाहून हसला होता. बायको म्हणते, तो सगळ्यांनाच पाहून हसतो, दुकान आहे त्याचं. भोळी आहे.

रविवार, ९ मार्च
'इंटरनेटवरची मोकाट जीभ' या विषयावर दीड तास बोललो. नाव घेतलं नाही. 'गोळ्या विकणारे काही लोक' एवढंच म्हणालो. सगळं सभागृह वळून त्याच्याकडे बघायला लागलं. तो मान खाली घालून उठला. शेजारी त्याची आई बसली होती, तिला हात धरून घेऊन गेला. फार समाधान वाटलं. जेवण गेलं नाही, ते उकाड्यामुळे.

सोमवार, १० मार्च, दुपार
'सत्यवादी' पुन्हा उगवला. दुकानदार बिचारा फुकट मेला, मी तो नव्हे, म्हणे. चारशे लाइक. चोर असंच म्हणणार.
'निष्पक्ष श्रोता' नावाचं खातं उघडलं. लिहिलं, असा विद्वान शंभर वर्षांत झाला नाही आणि त्या दुकानदाराच्या भेसळीच्या औषधाने एक म्हातारी दगावली. कोण म्हातारी, ते कुणी विचारलं तर बघू.

मंगळवार, ११ मार्च, सकाळी सात
प्रवचनं भरवणाऱ्या संस्थेच्या सचिवांचा फोन. ते सगळं संस्थेच्या खात्यावरून गेलंय, माझ्या फोटोसकट. खातं बदलायचं राहिलं. फोनच नीट नाही.

शुक्रवार, १४ मार्च
विश्वस्तांची बैठक. मोकाट जिभेवरचं माझंच प्रवचन मला लावून ऐकवलं. मी विचारलं, माणसाला मत मांडायचं स्वातंत्र्य आहे की नाही. सचिव म्हणाले, माफी लेखी द्या. तोवर प्रवचनं बंद. एकेकाला बघून घेईन.

शनिवार, २२ मार्च
चक्कर आली. डॉक्टरांनी ब्लडप्रेशरच्या गोळ्या लिहून दिल्या. आसपास दुकान एकच, त्याचं. गेलो. आत त्याच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. त्याने गोळ्या दिल्या, कधी घ्यायच्या ते पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. आई कशी आहे, मी विचारलं. म्हणाला, बाहेर पडत नाही, लोक भेसळीचं विचारतात.
माफी मागायची वेळ येऊ नये म्हणून एखादं गिऱ्हाईक येईल का बघत उभा राहिलो. अर्धा तास. कुणीच आलं नाही.