डाव्या चाकातली घरघर

रविवार, २२ सप्टेंबर २०१९
आजपासून रोजनिशी. गाडीच्या कामाची नोंद असावी म्हणून. नंतर लोक विसरतात कुणी काय केलं ते.

लेकीचं, टॅम्सिनचं लग्न १९ ऑक्टोबरला, शनिवारी दुपारी दोनला. पोरीला चर्चला जायचंय ते आजोबांच्या यूटमधूनच. माझ्या वडिलांनी उसातल्या कच्च्या रस्त्यावर तिला गाडी शिकवली ती याच पिकअपवर. चालवणार मी, शेजारी ती. माझ्याकडे तिने एवढंच मागितलंय. बाकी हॉल, जेवण, मंडप सगळं मुलाकडचे बघताहेत, आणि बघताहेत हे आम्हाला दिसेल अशा बेताने बघताहेत.

गाडी साठच्या वर गेली की पुढून घर्रर्र. डावं चाक. बेअरिंग गेलं. ऐकताक्षणी कळलं.

क्लॅरीला कळलं नाही. क्लॅरी म्हणजे नवरदेवाचा बाप, आमचे होऊ घातलेले व्याही. गावातलं एकुलतं गॅरेज त्याचं. पेट्रोल भरत होतो तर न विचारता टायरवरून हात फिरवला आणि म्हणाला, नेव्ह, बेअरिंग नाही रे, टायर खाल्लेत एका बाजूने, आणून टाक, तासाभराचं काम. टायर खपवायचेत, दुसरं काय! नखांत काळं ग्रीस आणि त्याच हातांनी मटण भरलेली पेस्ट्री खात होता. 

बुधवार, २५ सप्टेंबर
प्लॅन. चाक काढणे: दहा मिनिटं. चाकामागचा हब उतरवणे: वीस. बेअरिंग बदलून ग्रीस: वीस. चहा: दहा. एकूण एक तास. क्लॅरीही तासच म्हणाला होता, पण त्याच्या तासात चहा नाही.
येत्या रविवारी.

रविवार, २९ सप्टेंबर
चिलटं. नाकात, कानात, चहात. जॅक गंजलेला. बायको, ग्लेनिस, म्हणाली, क्लॅरीकडे टाक ना, आता घरचाच माणूस. म्हणूनच नाही टाकायची! बायकांना हे कळत नाही.

रविवार, ६ ऑक्टोबर
आज फुटबॉलची फायनल. फायनलच्या दिवशी हबला हात लावणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. फायनल भिकार झाली. फुकट दिवस गेला.

सोमवार, ७ ऑक्टोबर
राणीच्या वाढदिवसाची सुट्टी. सुट्टीला काम करायचं नाही हे तत्त्व.

पण डोकं चालू ठेवलं. नवी बेअरिंग मिळतात बंडाबर्गला, नाहीतर क्लॅरीकडे. बंडाबर्ग लांब, क्लॅरी त्याहून लांब. तेवढ्यात अंगणात बोटीचा ट्रेलर दिसला. या यूटला आणि ट्रेलरला एकाच मापाची बेअरिंग बसतात, इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शिवाय ट्रेलरने इतक्या वर्षांत कधी आवाज केलेला नाही. दर शनिवारी खाऱ्या पाण्यात कण्यापर्यंत बुडतो बिचारा, पण तक्रार नाही. अदलाबदल! व्याह्याच्या दारात जायला नको.

शनिवार, १२ ऑक्टोबर
काम झालं. साडेसात तास. माझी चूक नाही.

हाताला, मानेला, दाढीला ग्रीस. सँडविचला ग्रीस. खाल्लं तसंच. शी.

बेअरिंग ग्लेनिसच्या लॅमिंग्टन केकच्या ट्रेमध्ये पेट्रोल ओतून धुतली. तिने ट्रे तसाच उचलून कचऱ्यात टाकला. हे बोलण्यापेक्षा वाईट.

यूटमधून निघालेली बेअरिंग पाहून मीच थक्क. एक डाग नाही, ग्रीस मधासारखं. सात वर्षांत मी त्यांना हात लावलेला नाही, तरी ही तब्येत! याला म्हणतात निगा. पण आवाज येतोय म्हणजे आतून गेलेलीच. दिसण्यावर मी जात नाही.

ट्रेलरच्या हबमधून आधी तपकिरी पाणी आलं, मग कुजलेल्या कोळंबीचा वास. ग्लेनिस नाकाला एप्रन लावून म्हणाली, गंज आहे ना हा? म्हटलं, रंग आहे. मुरलेली आहेत ती.

बेअरिंग ज्या पोलादी कपात बसतं तो कपही बदला, असं पुस्तक म्हणतं. कप फिरत नाही, हलत नाही, खराब कसा होणार? दोन्हीकडचे जागच्या जागी ठेवले. रबरी सील काढताना फाटलं, तेच परत दाबलं. पुढे पुस्तक म्हणतं, नट घट्ट करा, मग थोडा मागे सोडा. आधी घट्ट करा, मग सैल करा! असल्या लेखकाच्या घरच्यांची दया येते. मी दोन्ही हातांनी आवळला, वर पायाने.

यूटची जुनी बेअरिंग टाकवेनात. ट्रेलरला बसवली.

रविवार, १३ ऑक्टोबर
चाचणी. चाळीसला गाडी गप्प. साठच्या वर घर्रर्र आहेच. रुळायला वेळ लागतो.

टॅम्सिन आली होती. बेअरिंग बदलली म्हटल्यावर चेहरा उतरला. म्हणाली, डॅड, तुला एक सांगायचं होतं. म्हटलं, आभार नकोत, बाप आहे मी तुझा. मग म्हणाली, क्लॅरीकडून नुसतं बघून घेऊ या का? म्हटलं, मी जिवंत असेपर्यंत नाही. तिने मला गच्च मिठी मारली. भारावून गेली पोर.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर
यूट धुतली. पांढऱ्या रिबिनी लावल्या. दुकानापर्यंत जाऊन आलो. ग्लेनिसने हबला हात लावला आणि किंचाळली, बोट भाजलं. ऊन फार आहे सध्या.

शनिवार, १९ ऑक्टोबर, सकाळी ७
निरभ्र. वडील असते तर त्यांना बरं वाटलं असतं. भाषण पाठ. त्यात बेअरिंगचा उल्लेख एकदाच, ओझरता.

रविवार, २० ऑक्टोबर
लिहू नये असं वाटतंय.

चर्च सहा किलोमीटर. चौथ्या किलोमीटरला, उसाच्या आगगाडीच्या रुळांपाशी, डाव्या चाकातून धूर. मग करवतीसारखा आवाज. मग चाक फिरेचना. जळक्या ग्रीसचा तो वास, आणि त्यात माझी मुलगी पांढऱ्या झग्यात. दोनला दहा कमी. उसाचे डबे खडखडत गेले, ड्रायव्हरने टोपी काढून तिला सलाम केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टॅम्सिनने फोन केला. क्लॅरी सूटबुटात आठ मिनिटांत हजर, गाड्या उचलून न्यायचा ट्रक घेऊन. ट्रक चर्चमागे उभाच करून ठेवला होता म्हणे. मी म्हटलं, सहज? तो म्हणाला, सहज.

उतरू नका, बसून राहा, म्हणाला. आख्खी यूट ट्रकवर चढवली, आम्ही दोघं आत. वडिलांची गाडी, स्टिअरिंगवर मी, शेजारी टॅम्सिन, आणि चालवतोय क्लॅरी! चर्चपाशी सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. त्यांना वाटलं, असंच ठरलं होतं. टॅम्सिन हसत होती, रडत होती, माझा हात काही सोडला नाही. मी स्टिअरिंग वळवत राहिलो. उगाच.

हॉलवर तिने सांगितलं. जुलैत मी गुडघ्याच्या ऑपरेशनला रॉकहॅम्प्टनला होतो, तेव्हा तिने गाडी क्लॅरीकडे नेली होती. त्याने दोन्ही चाकांची बेअरिंग नवी घातली. मला कळू द्यायचं नाही असं ठरलं. म्हणाली, डॅड, सगळं तूच केलंस असं तुला वाटायला हवं होतं.

म्हणजे ती चकचकीत बेअरिंग.

लाज वाटली. दुसरा शब्द नाही. भाषणातली ती ओळ गाळली.

शनिवार, २६ ऑक्टोबर
क्लॅरी आला. यूटला नवा हब, नवे टायर. घरघर गेली. टायरच होते.

मग न विचारता ट्रेलरचं चाक फिरवलं. खर्रर्र. गंजलेल्या कपात घालून त्याची नवी बेअरिंगही मी नासवली होती. त्याने अवजारांचा खोका उघडला आणि पाना माझ्या हातात दिला.

कप बदलले. ग्रीस भरलं. मी नट आवळला. म्हणाला, आता मागे सोड. सोडला. अजून थोडा. सोडला. चाक फिरलं, फिरतच राहिलं, आवाज नाही.

तसा हात माझा मुळात चांगलाच आहे. क्लॅरीही म्हणाला, छान बसवलंस, नेव्ह.

नट निसटू नये म्हणून घालतात ती स्प्लिट पिन मात्र त्याने स्वतः घातली. मग दोनदा ओढून पाहिली.