मानवी चूक

छत्रपती संभाजीनगर,
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

प्रिय सम्यकदादा,
सप्रेम जय भीम.

आईचा गुडघा बरा आहे. जिना चढते आणि वर पोचल्यावर तुझ्या नावानं ओरडते, म्हणजे तब्येत ठीकच म्हणायची. तू पाठवलेला पट्टा मात्र वापरत नाही, टोचतो म्हणते.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. 'मुद्द्यावर ये, विशू' म्हणतोस. पत्रात तुला मधे तोंड घालता येणार नाही.

आईला तू सांगितलंस की विशूनं लई भारी प्रेझेंटेशन दिलं, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आईनं ते सगळ्या गल्लीला सांगितलं. टाळ्या वाजल्या हे खरं. आमच्या मोठ्या साहेबांनी पाहुण्यांसमोर माझं नाव घेतलं हेही खरं. पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही.

डिसेंबरात आमच्या वाळूजच्या कंपनीत सारजाबाईंच्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली, हे तुला माहीत आहे. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच वरचा साचा खाली येतो, त्यामुळं हात आत राहूच शकत नाही. पण तसं केलं की माल कमी निघतो. म्हणून सुपरवायझर बन्सीनं एक बटण चिकटपट्टीनं कायमचं दाबून ठेवलं होतं. त्याला वरून तोंडी हुकूम होता. त्या लाइनवरच्या सगळ्याच प्रेसची तीच गत.

माल घेणाऱ्या कंपनीची माणसं, म्हणजे तेच पाहुणे, जानेवारीत चौकशीला येणार होती. सुरक्षा विभागातली म्हणून त्यांच्यापुढं मला बोलायचं होतं. तू पुण्यात मोठमोठ्या लोकांना बोलायचं कसं ते शिकवतोस, म्हणून मी तुला माझ्या स्लाइड पाठवल्या. तिसऱ्या स्लाइडवर त्या पट्टी मारलेल्या बटणाचा फोटो होता. तू तो काढून टाकलास.

"समोर कोण बसलंय ते आधी ठरव," म्हणालास. "त्यांना गुन्हा ऐकायचा नाहीये, सुधारणा ऐकायचीये. कारणाच्या जागी 'मानवी चूक' लिही. आणि आकडे कमी कर, एक चेहरा दाखव. त्या बाईंनाच उभं कर. सभागृह तुझं होईल."

झालं माझं सभागृह.

सारजाबाईंना रांजणगावच्या त्यांच्या खोलीवरून मीच रिक्षानं घेऊन आले. त्या मूळच्या सिल्लोडकडच्या. कंपनीत मी नवी होते तेव्हा जेवायच्या सुट्टीत त्यांनी मला कधी एकटं बसू दिलं नाही. त्या दिवशी नवं लुगडं नेसल्या होत्या, हाताला पट्टी होती.

"ताई, मला काय बोलायचंय?"

"काही नाही. मी खूण केली की फक्त उभं राहायचं."

त्या उभ्या राहिल्या. साहेबांनी पुष्पगुच्छ दिला. तो त्यांना डाव्या हातानं धरता येईना, फुलं खाली घसरत होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. मी तुझं वाक्य म्हटलं, तू शिकवलेल्या जागी थांबून म्हटलं: 'मानवी चुकीतूनही आपण उभे राहतो.'

परत जाताना रिक्षात त्यांनी विचारलं, "मानवी चूक म्हंजे माझी चूक, व्हय?"

दादा, मी काय म्हणाले सांगू? मी म्हणाले, "नाही हो, तो कागदावरचा शब्द आहे. मनावर घेऊ नका."  उतरताना त्या पुष्पगुच्छ सीटवरच ठेवून गेल्या.

तुझ्यावर मी चिडलेय, पण आधी माझं ऐक. अपघाताच्या महिनाभर आधी ते बटण मी पाहिलं होतं. वहीत एक ओळ लिहिली, बन्सीला 'काढ रे ते' म्हटलं आणि पुढच्या मशीनकडं गेले. पुन्हा बघायला गेले नाही. तू 'मानवी चूक' सुचवलंस तेव्हा मला मनातून बरं वाटलं होतं. माझीही सुटका होत होती ना त्यात.

या महिन्यात तीन तारखेला सोमवार होता. दर सोमवारी दुपारची पाळी सुरू होताना दहा मिनिटं मी सुरक्षेच्या सूचना वाचून दाखवते. कुणी ऐकत नाही, मीही ऐकत नाही. या वेळी चार दिवस तयारी केली. आधी सारजाबाईंच्या खोलीवर गेले आणि सगळं सांगितलं, वहीतली ओळसुद्धा. त्या बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "येते मी. पण या खेपंला मी बोलनार. तुमी मधी बोलायचं नाय."

पडदा नाही, स्लाइड नाही. स्टोअरमधून एक जुनं बटण आणलं, त्यावर पट्टी मारली आणि सगळ्या बायकांच्या हातातून फिरवलं. मी म्हणाले, "पाहुण्यांसमोर मी खोटं बोलले. चूक सारजाबाईंची नव्हती. हे बटण मला माहीत होतं."

मग सारजाबाईंनी हाताची पट्टी सोडून हात वर धरला. "मला अजून बोटं दुखत्यात, नसलेली," म्हणाल्या. "तुमच्या मशनीवर बी तीच पट्टी हाय. आता काय करायचं ते तुमी बघा."

पहिली अमृता उठली, लाइनवरची सगळ्यात लहान पोरगी. तिनं नखानं आपल्या मशीनची पट्टी खरवडून काढली. मग सगळ्यांनी काढल्या. बन्सी नुसता उभा राहिला. त्याच संध्याकाळी मी मूळ स्लाइड, तिसरीसकट, त्या पाहुण्यांना पाठवल्या.

आता बटणं दोन्ही हातांनी दाबावी लागतात, तसा लेखी आदेश निघालाय. माझी बदली स्टोअरला झालीय, नोटीसही आहे. त्याचं मला काही नाही. सारजाबाई माझ्याशी कामापुरतं बोलतात. त्या सोमवारी घरी सोडायला निघाले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या ताई, मी जाते माझी."

हे सगळं मी माझ्यापाशीच ठेवलं असतं. पण काल तुझ्या क्लासची जाहिरात माझ्या मोबाइलवर आली. त्यात सारजाबाईंचा फोटो आहे. पुष्पगुच्छ, पट्टी, सगळं. खाली लिहिलंय, 'एका चेहऱ्यानं सभागृह कसं जिंकावं'. तो फोटो मीच तुला कौतुकानं पाठवला होता. दादा, लाज कशी वाटली नाही तुला? आपल्या आप्पांनी जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर राबून आपल्याला शिकवलं, ते बाईच्या तुटक्या हातावर गिऱ्हाईक गोळा करायला?

फोटो आजच्या आज काढून टाक. तेवढ्यानं भागणार नाही. पुढच्या रविवारी इकडं ये. आईकडं नंतर जा, आधी रांजणगावला जा. सारजाबाई दुपारी घरीच असतात. तुझी जाहिरात तू स्वतः त्यांना वाचून दाखव आणि काय केलंस ते समजावून सांग. तिथं तुझ्यासमोर एकच माणूस बसलेलं असेल. मी सोबत येणार नाही.

त्यांचा पत्ता मागच्या पानावर लिहिलाय.

विशाखा