पत्र्यावरचे दगड

आई, गोठ्याच्या नव्या पत्र्यांवर गवंड्याने ठेवलेला तिसरा दगड मी मागच्या उसात ढकलला, तेव्हा खालून शेजारचे तात्या ओरडले, "आरं, समदं गाव दगडं चढवाय लागलंय, आनि तू उतरवतोयस व्हय? कोल्हापुरात राहून डोसकं फिरलं काय तुझं?" मी म्हटलं, "तात्या, तार द्या वर." त्यांनी तार दिली, बडबड थांबवली नाही. आठवड्यामागे लक्षद्वीपजवळ कमी दाबाचा पट्टा झाला, त्याचं चक्रीवादळ झालं आणि ते किनाऱ्याला धरून वर सरकू लागलं. फोनवर त्याचं पांढरं चाक फिरताना दिसतं. समुद्र घाटापलीकडे, तरी दुपारपासून नारळाच्या झावळ्या उलट्या झाल्यात. आत म्हैस व्यायला झाली आहे. दावणीपासून हलायला तयार नाही.

तूही अशीच चढली होतीस. मी लहान होतो. शेजाऱ्यांचं बघून मोठ्या हौसेने पत्र्यावर दगड रचले होते. तू बाजारातून येतेस, वर बघतेस, पिशवी खाली न ठेवताच मला एक ठेवून देतेस. "आत म्हस बांधलीया. तिच्या डोसक्यावर धोंडं रचून जेवाय बसलास व्हय?" पदर खोचून वर. वारा पत्र्याखाली शिरतो, पत्रा उचलतो आणि दगड आत पडतो, एवढं समजावत बसली नाहीस. एकेक पत्रा खांबाला तारेने बांधायला लावलास. पीळ सैल दिसला की सोडायचा, पुन्हा घालायचा. माझी बोटं सोलली. जेवणानंतर तू त्यांना लोणी लावलंस.

वारा संध्याकाळी आला. आपल्या पत्र्याचा एक कोपरा उचलला. तार ताणली आणि धरून राहिली. तात्यांच्या गोठ्याचा पत्रा गेला, वरचे दगड गव्हाणीत पडले. त्यांची म्हैस भिंतीला चिकटून उभी होती म्हणून वाचली. तिला घेऊन ते भिजत दारात आले.

"बांधू का हितं?"

"बांधा की."

दावं बांधता बांधता म्हणाले, "तुझी आई लई फाडून बोलायची बघ. आज असती तर मला सोडलं नसतं." आम्ही दोघेही हसलो.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहितो. मी वर चढलो ते तुझ्यावर विश्वास होता म्हणून नव्हे. तुझा ओरडा ऐकू येत होता म्हणून चढलो. तो अजून ऐकू येतो, याबद्दल तुझे आभार मानायचे आहेत. समोर असतीस तर तू मानू दिले नसतेस.

सकाळी आपली म्हैस व्याली. रेडी झाली. लाईट आली नव्हती. तात्यांनी घरून चहा आणला.