दादांच्या हाताची पट्टी

वन्सं,

सकाळपासून शिंकतेय, घसाही धरलाय, म्हणून शेजारच्या काकूंकडे राहायला जातेय. कारखान्यातल्या त्या घातक किरणांनी तुमच्या दादांच्या रक्तातली रोगाशी लढायची ताकदच खाल्लीय. माझी साधी सर्दीही त्यांच्या जिवावर बेतेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय.

तेव्हा हाताची पट्टी आता तुमच्याकडे. तुम्ही त्यांचा कप वेगळा ठेवता, कपडे चिमटीत धरता, ते मी पाहिलंय. पाइपांचे एक्स-रेसारखे फोटो काढायच्या यंत्रातली, किरण सोडणारी धातूची गोळी बोल्ट समजून त्यांनी उचलली खरी, पण ती कारखान्यातच राहिली. घरी आला तो नुसता भाजलेला हात. त्यांचं तुम्हाला काही लागत नाही. लागलंच तर आपलं त्यांना लागेल. म्हणून साबणाने हात धुऊन, हातमोजे घालूनच त्यांना शिवा. जुनी पट्टी सलाइनने भिजवून सोडवा, ओढू नका. घरगुती लेप अजिबात नको. ताप आला तर तडक हॉस्पिटल गाठा.

पट्टी सोडवताना ते विनोद करतील. दुखलं की करतात. हसा, पण काम थांबवू नका.

मी दुपारी खाली रस्त्यावर उभी राहीन. पट्टी झाली की पडदा सरकवा. त्यांना मात्र खिडकीशी येऊ देऊ नका. मला पाहिलं तर जिना उतरून येतील.

वहिनी