यंदाही मुराळी नाही

नळदुर्ग, ८ जुलै २०२५

चि. सौ. उमादेवी हिस, रेवणप्पाअण्णाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून नाक मुरडशील, पण फोनवर आपल्या दोघांचाही आवाज चढतो. पंचमीला तुला माहेरी आणायला मुराळी म्हणून यंदाही येत नाही. तू जातीबाहेर लग्न केलंस, ते मी केव्हाच पोटात घातलं. अव्वाचा राग मात्र गेलेला नाही. उगाच विषय नको म्हणून उमाला रजा मिळत नाही, असं मी तिला सांगतो. मग ती ओसरीवर बसून सोलापूरच्या गाड्या बघत राहते. म्हातारपण, दुसरं काय!

तुझ्या भाचीला, आपल्या वैष्णवीला पाहायला पंचमीलाच लातूरची माणसं येणार आहेत. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

जावईबापूंना नमस्कार. मनात काही ठेवू नये.

तुझा,
अण्णा

सोलापूर, १७ जुलै

ती. अण्णांस, उमाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

अव्वा सुखरूप पोचल्याचं वैष्णवीला फोनवर कळवलंच आहे. तुम्ही दुकानात गेल्यावर एकटीच एसटीत बसली म्हणे. लेकीला रजा न्हाय तर आईनंच मुराळी व्हावं, असं म्हणाली. राग गेला का, असं मी विचारलं, तर कसला राग म्हणून तीच माझ्याकडं बघत राहिली. मला सगळं कळलं, अण्णा. तरी आमचा साहेबच फार खडूस आहे, असं तिला सांगितलं. तुमच्यावरचं तिचं मन उडू नये, म्हणून.

हैदराबादला जाताना बस तुमच्या दुकानावरून गेली होती. तुम्ही पाठमोरे उभे होता. लई वाटलं, उतरावं. अव्वा मला घेऊनच परतणार म्हणते. येऊ का? हो म्हणा, मागचा एक शब्द काढणार नाही.

धाकटीवरचा लोभ आटू देऊ नका.

तुमची,
उमा

नळदुर्ग, २२ जुलै

चि. उमा हिस, आशीर्वाद.

मायलेकींची भेट झाली, भरून पावलो. इतके दिवस थांबलात म्हणूनच भेटीला गोडी आली, हे तूही मान्य करशील. अव्वाला मात्र तिकडंच ठेवून घे. इथं असली की आल्यागेल्याला तुझंच कौतुक सांगत बसते. घर खायला उठतं गं. सकाळी चहाला अजून तिला हाक मारतो. पण वैष्णवीसाठी एवढं सोसायलाच हवं.

तू येऊ नकोस. लातूरच्या माणसांना मला बहीणच नाही, असं सांगून बसलोय. तुला कुणी नावं ठेवू नयेत, एवढाच हेतू. सख्ख्या भावाशिवाय कोण करतं एवढं?

माया आहेच, ती अशीच राहू दे. राखी मात्र आठवणीनं पाठव, दुकानाच्या पत्त्यावर.

तुझाच,
रेवणप्पाअण्णा