भावोजींची पांढरी चादर

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांगच. या बेटावर उतरताना फळी निसटली आणि आठही अंगं खडकाला टेकली.) तुझे गुडघे कसे आहेत? माझ्या लाँड्रीचं कुलूप जाता-येता ओढून बघतेस ना? माझ्या तब्येतीचं विचारू नकोस. पोटात होतं नव्हतं ते सगळं वाटेतल्या बेटांना थोडं थोडं वाटत आलो.

"जाऊन बघून ये, माणूस आहे की गेला," भावोजींबद्दल एवढंच म्हणून तू भाजी निवडायला बसलीस. वाट कशी आहे ते तुलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. या शेवटच्या बेटांकडे इंजिनाची बोट येत नाही, खडकांत तिचा पंखा मोडतो म्हणे. येतं ते एक शिडाचं गलबत. त्याचा तांडेल अख्ख्या प्रवासात माझ्याशी एकदाच बोलला. पोहता येतं का, असं त्याने विचारलं. मी नाही म्हणालो. "बरंय," तो म्हणाला, "पोहणाऱ्यांचे हाल फार होतात." त्यानंतर मी शिडाकडे बघत बसलो, तर तेही इतकं कळकट की जीव आणखीच खचला. (खाऱ्या पाण्याचे डाग कसे काढायचे ते मी सांगायला गेलो, पण त्याने पाठ फिरवली.) बेटं म्हणजे तरी काय, समुद्रातून वर आलेले काळे सुळके. झाड नाही, झुडूप नाही. एका बेटावर उघड्या दाराचं घर दिसलं, जरा बरं वाटलं. जवळून गेलो तर त्याला छप्परच नव्हतं. पुढे दोन सुळक्यांच्या मधोमध वारा पडला आणि गलबत गुपचूप खडकाकडे सरकू लागलं. तांडेल बांबूने खडकाला ढकलत होता आणि मी, उपयोग काय देव जाणे, त्याचा सदरा घट्ट धरून उभा होतो. तेव्हा मला तुझी फार आठवण आली गं.

भावोजी आहेत. वाळलेत, पण आहेत. निवृत्तीनंतर त्यांनी तुझ्या स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले आणि तू "तुमचं घरात काय काम आहे?" असं विचारलंस, तो प्रश्न या माणसाने इतका मनाला लावून घेतला की थेट इथल्या दीपस्तंभावर दिव्याची नोकरी धरली. (आपल्याकडे माणसं रागावली की गच्चीवर जातात. हे जरा जास्तच पुढे आले.) खोलीत एक कॉट, एक स्टोव्ह आणि फळीवर डबे. उंचीप्रमाणे. मला बघून त्यांनी एकच विचारलं, "तिने बोलावलंय?" मी हो म्हणालो. त्यांनी तिथल्या तिथे ट्रंक भरायला घेतली.

आता खरी रड ऐक. इथे गलबत उगाच थांबत नाही. माणूस न्यायचा असेल तर खडकावरच्या खांबाला पांढरी चादर बांधायची. पुढच्या बेटावरून परतताना तांडेलाला ती दिसली तर तो शीड उतरवतो, नाही तर सरळ निघून जातो. हे भावोजींनी मला सांगायला हवं होतं की नको? ते चादर बांधून दिव्याच्या काचा शेवटच्या पुसायला वर गेले आणि इकडे भुरभुर सुरू झाली. ताई, माझा जन्म लाँड्रीत गेला. वाळत घातलेली पांढरी चादर पावसात भिजतेय आणि मी नुसता बघत बसू? हात आपोआप गेले. काढली, झटकली, चौघडी घातली, वर तळहाताने दाबून सुरकुत्याही काढल्या. मान वर करतो तर गलबत पुढे चाललेलं. मी ओरडलो, दोन्ही हात हलवले. तांडेलाने पण हात हलवला.

भावोजी खाली आले. त्यांनी गलबताकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या घडीकडे. "इस्त्रीही करून टाक," म्हणाले आणि ट्रंकेवर बसून राहिले. मी रडलो, ताई, खोटं कशाला सांगू. आता वादळाचे महिने. गलबत पुन्हा कधी येईल ते कुणालाच ठाऊक नाही. खेकडे धरणारा एक जण अधूनमधून येतो, पण त्याच्या होडीत तो आणि खेकडे एवढीच जागा. हे पत्र खेकड्यांबरोबर येतंय, वासाबद्दल क्षमस्व.

तुझा,
घडी घालण्यात हुशार भाऊ

ता. क. – तू बोलावलंयस, ही थाप मी मारली आहे. आम्ही आलो की दारात उभी राहून "मीच बोलावलं" एवढं म्हण. तुझ्या पाया पडतो.

ता. क. दुसरा – घात झाला. नेमकं काय म्हणाली, असं भावोजींनी आज विचारलं. मी आपलं रंगवून सांगितलं, की म्हणाली, तुमच्याशिवाय करमत नाही. "ती? असं म्हणाली?" म्हणून ते जे हसायला लागले ते ठसका लागेपर्यंत. तेव्हा तू काहीच म्हणू नकोस, ते पटायचं नाही. फक्त "तुमचं काय काम" असं विचारू नकोस.

आत्ता ते स्वतः बाहेर जाऊन खांबाला चादर बांधून आले. गलबताचा पत्ता नाही आणि पाऊस धो धो कोसळतोय. मी हात लावलेला नाही.