आप्पांचा शुभ आकडा

केशवापूर, शनिवार, १२ नोव्हेंबर २००५

हसावं की डोकं आपटून घ्यावं, कळत नाही.

आप्पांना रस्त्यात चक्कर आली, म्हणून अण्णानं अमेरिकेहून त्यांच्यासाठी मोबाईल पाठवला. पण तो तिथल्याच कंपनीच्या सिमवर चालतो. इथलं सिम चालावं म्हणून दुरुस्तीवाल्यानं लॉक उघडायचे चार कोड अंदाजानं टाकले आणि म्हणाला, आता एकदाच टाकता येईल. चुकलं तर कायमचं लॉक.

पंधरा दिवस अण्णाच्या मागे लागून कंपनीचा खरा कोड मिळवला. आज आप्पांना सगळं समजावलं आणि मी चष्मा आणायला आत गेले. तेवढ्यात त्यांनी मोबाईलला कुंकू लावलं आणि १०१ टाकून बटण दाबलं. का? तर दुकानात नव्या वहीत आधी १०१ लिहितात.

"शुभ आकड्याशिवाय सुरुवात कशी करायची ग?"

माझा चेहरा बघून कानडीत म्हणाले, "इर्ली बिड." म्हणजे जाऊ दे. जाऊ दे काय? पडद्यावर कुंकू तेवढं शिल्लक.

संध्याकाळी अण्णाचा घरच्या फोनवर फोन. मोबाईल सुरू झाला का?

"फार छान चालतो बघ," आप्पा म्हणाले. मग पलीकडचं ऐकून म्हणाले, "नंबर होय? नंबर अक्काला विचार."

आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. बोटाला अजून कुंकू होतं.